अमावास्येची गृहचौकशी

कैद्याला मुदतीआधी सोडायचं, तर आधी त्याच्या घरी जाऊन चौकशी करायची, हे माझं काम. नव्वदच्या दशकात नाशिकच्या ऑफिसात आम्ही दोघंच, आणि जिल्हा हा एवढा मोठा. फॉर्मवर शेवटचा रकाना असायचा: पुन्हा असा गुन्हा करण्याचा संभव आहे किंवा नाही. दुसऱ्याच्या मनातलं मी काय सांगणार, कप्पाळ. पण लिहावं तर लागायचंच.

देवळ्याकडच्या एका कैद्याच्या वस्तीवर मी मुद्दाम अमावास्येला गेले. त्या दिवशी कांद्याचे लिलाव बंद, शेतातही फारसं कुणी जात नाही, म्हणून माणसं घरी सापडतात. आम्ही नेहमी हीच युक्ती करायचो आणि स्वतःला फार हुशार समजायचो. या माणसानं शेजारच्या गावातल्या लहान मुलीवर अत्याचार केला होता. सुटल्यावर तो भावाकडे राहणार होता, आणि भावाला आठ वर्षांची मुलगी होती. ओटा माणसांनी भरलेला. सगळे म्हणाले, आम्ही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू. मुलीची आई तेवढी गप्प होती. तिला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं. नाही विचारलं. मला परतीची एसटी गाठायची होती. मी लिहिलं: घरात सतत माणसं असतात, संभव नाही.

तो सुटला. दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले, तेव्हा साधा मंगळवार होता आणि कांद्याची काढणी ऐन भरात. वस्तीवर चिटपाखरू नव्हतं. पोर ओट्यावर एकटी खेळत होती आणि तो आत खाटेवर पडलेला. मी पोरीला जवळ घेऊन हळूहळू बोलतं केलं. काही झालेलं नव्हतं. तरी मी तिथून हलले नाही.

दिवस कलता आई आली. मी तिच्यावरच डाफरले, "पोरीला याच्यापाशी एकटं टाकून जाताच कशा तुम्ही?"

तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. "भावजी आले तवा मी तिला संगं न्यायचे, मॅडम. मंग घरचे म्हणले, मॅडमनी सरकारात लिहून दिलंय, काय धोका नाय. आता मी कोणत्या तोंडानं नेऊ?"