दोन डबे, दोन हिशेब

मैत्रिणींनो, सुनंदाला विचारूनच हा कागद आपल्या लेडीज रूमच्या फळ्यावर लावते आहे.

सुनंदा रेडिओच्या सर्किटवर सोल्डरिंग करते, मी ते तपासते. दुपारी तीननंतर तिचा हात थरथरतो. या महिन्यात सदोष जोड वाढले, तर ती कायम होणार नाही.

आज जेवताना तिने डबा उघडला आणि कपाळावर हात मारला. "वाट लागली! घाईत ह्यांचा डबा आणला गं."

आत चवळीची घट्ट उसळ, दोन उकडलेली अंडी आणि चपात्या होत्या.

"आणि तुझ्या डब्यात काय भरलं होतंस?"

"चपाती-लोणचं. मला चालतं ना."

"तुझ्या हाताला नाही चालत. खा मुकाट्याने."

तिने सगळं संपवलं. चार वाजता तिचे जोड मी भिंगाखाली पाहिले. एकही सदोष नव्हता. एका दिवसावरून मी निष्कर्ष काढत नाही, पण मूठभर चवळी जास्त भिजवणं कोणालाही परवडतं. उद्यापासून दोन्ही डब्यांत उसळ भरायची, असं तिने कबूल केलं आहे.

तिच्या नवऱ्याने आज चपाती-लोणचं खाल्लं असेल. तुमच्या नवऱ्याच्या हाती तुमचा डबा पडला, तर त्याला काय मिळेल?