शुक्रवारचा उंबरठा

आमच्या ह्यांना मिशनरी म्हणून आफ्रिकेत जायचं होतं. मला पाहायला आले तेव्हाच त्यांनी तसं सांगून टाकलं, आणि सांगताना छाती अशी काही पुढे काढली की जणू मागच्या खिडकीतून सिंह डोकावत असावा. मीही काही कमी नव्हते. नदी, होडी, मातीची झोपडी, दारात कंदील आणि त्या उजेडात मुलांना अक्षरं गिरवायला शिकवणारी मी, असं चित्र मी चहाचा ट्रे खाली ठेवायच्या आत रंगवून टाकलं. लग्नात मामांनी तर आहेर म्हणून जाडजूड मच्छरदाणीच दिली. आफ्रिकेतल्या डासांचा त्यांनी कसून अभ्यास केला होता म्हणे.

मग मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, पंचांची बैठक बसली आणि आम्हाला कुवेत मिळालं.

“तिथे आपली मराठी माणसं आहेत, त्यांना पाळक नाही,” पंच म्हणाले. ह्यांनी मान डोलावली, पण चेहऱ्यावर सिंह हुकल्याचं दुःख स्पष्ट दिसत होतं. आणि आम्ही उतरलो ते कुठे, तर मंगफमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. खाली बकाला, म्हणजे किराणा दुकान. फोन केला की दूध, खुबूसच्या रोट्या आणि कोथिंबीर वर हजर. नदी नाही, होडी नाही, डास तर औषधालाही नाही. होती ती धूळ. शेवटी मामांची मच्छरदाणी मी गच्चीत कुरडयांवर ताणली. इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, इजिप्तचा. त्याने जाळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, समुद्राच्या दिशेला हात केला आणि मासा कसा वळवळतो ते मनगट हलवून दाखवलं. पाळकाचं कुटुंब फावल्या वेळात मासेमारी करतं, अशी त्याची समजूत आम्ही निघेपर्यंत कायम होती.

आमची गाडी राई नावाच्या भागातल्या एका गॅरेजातून घेतलेली. तिचा एसी फक्त चालवणाऱ्याच्या बाजूला गार हवा सोडायचा. पाळक स्वर्गात बसायचे आणि मी मुलीला घेऊन प्रायश्चित्ताच्या बाजूला. ह्या गाडीतून आमची सेवा चाले. आज हॉस्पिटलात कुणाला भेटणं, उद्या मीना अब्दुल्ला नावाच्या गावातल्या कामगार कॅम्पात प्रार्थना, कधी खाली दक्षिणेला थेट खैरानला, कारण आमच्या मंडळीतल्या एक ताई तिथल्या एका शॅलेत, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यात, स्वयंपाकाला होत्या आणि त्यांना दुपारी तासभरच मोकळा मिळे. जाता-येता मुलीच्या दोन डुलक्या व्हायच्या. ती तेव्हा सहा वर्षांची होती. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरचा अलिखित करार होता. कुवेतला सुट्टी शुक्रवारी, त्यामुळे उपासनाही शुक्रवारी. शाळेत कुणी विचारलं की ती समोरच्याच्या बुद्धीची कीव करत सांगायची, “इट्स फ्रायडे, सो इट्स संडे!”

तर ह्या फ्रायडेच्या संडेवर एकदा गदा आली, त्याची ही गोष्ट.

आमची उपासना व्हायची तो हॉल एकट्या आमचा नव्हता. एकाच आवारात कितीतरी भाषांच्या मंडळ्या, आणि प्रत्येकीला तासाचा तुकडा नेमून दिलेला. आमचा साडेदहा ते बारा. बाराला फिलिपिनो मंडळी यायची, गिटारी घेऊन. हे तास वाटून देणारे अंकल केरळचे, सडसडीत, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ सगळ्या आवाराचं घड्याळ.

आमची उपासना बाराच्या आत संपायची, ह्यात शंका नको. संपायचा नाही तो निरोप.

मराठी माणसाचा निरोप ही काही एका दमात उरकायची गोष्ट नाही. आधी बसल्या बसल्या “चला, निघू या” म्हणायचं आणि मांडी बदलायची. मग उठायचं आणि उभ्यानं खरा विषय काढायचा. मग चपला घालायच्या. आणि मग दारात, एक पाय आत एक पाय बाहेर अशा आसनात, आठवड्याभरातलं सगळं महत्त्वाचं बोलायचं. हॉलच्या काचेच्या दाराखाली ॲल्युमिनियमची बोटभर पट्टी होती. आमच्या लोकांनी तिचाच उंबरठा करून टाकला होता.

ह्या उंबरठ्याच्या महाराणी म्हणजे मावशी. कुवेतच्या एका हॉस्पिटलात उभं आयुष्य काढलेल्या सिस्टर, मूळच्या नगरच्या. “सलाम पाळकीणबाई, निघते हं,” म्हणून त्या पट्टीवर उभ्या राहिल्या की मागे सगळी मंडळी तुंबायची आणि पुढे उन्हात फिलिपिनो बायका गिटारी डोक्यावर धरून ताटकळायच्या. कुवेतचं ऊन म्हणजे काय, ते मी सांगणार नाही. तापलेल्या तव्याला कुणी उन्हाबद्दल विचारत नाही.

एका शुक्रवारी अंकल दारात आले. हिंदीतच बोलायचे, पण प्रत्येक शब्दाला नारळाच्या तेलाची चकाकी.

“पास्टर, बारा बजे मतलब बारा बजे. आप का लोग दरवाज़ा छोड़ता नहीं. एक महीना देखेगा. नहीं सुधरा तो आप का टाइम सुबह छे बजे.”

हे ऐकून ह्यांचा चेहरा उतरला, आणि उतरण्यासारखंच होतं. सकाळी सहाला उपासना म्हणजे मीना अब्दुल्लाच्या माणसांना कायमचा रामराम. शुक्रवारी त्यांच्या कंपनीची बस कामगारांना आठवड्याच्या बाजारासाठी शहरात आणायची, ती नऊच्या आधी कॅम्पातून हलतच नसे. आमची निम्मी मंडळी त्या बसमधून यायची. ती तुटली तर उरलेल्यांसाठी पंच पाळक ठेवणार नाहीत, हे ह्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही.

“तुम्ही स्पष्ट सांगा ना लोकांना,” मी गाडीत म्हटलं.

“काय सांगू?”

“बारा वाजले, घरी जा, म्हणून.”

“मावशींना?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना सिंहाच्या तोंडात हात घालायला सांगतेय. “अगं, मावशींना घरी जा म्हणू?”

“आफ्रिकेत जाणार होतात ना?”

“आफ्रिकेत मावशी नव्हत्या,” पाळक म्हणाले आणि थंड हवेचा पंखा स्वतःकडे वळवला.

म्हणून पहिल्या शुक्रवारी त्यांनी प्रवचनच आखूड केलं. मंडळी बेहद्द खूश झाली. “आज छान वेळ मिळाला बोलायला!” म्हणून निरोप लवकर सुरू झाला आणि नेहमीपेक्षा उशिरा संपला. दुसऱ्या शुक्रवारी शेवटच्या प्रार्थनेनंतर ह्यांनी हळूच एसी बंद केला. लोक घामाने निथळले, पण हलले नाहीत. “आता कसं नगरच्या मे महिन्यासारखं वाटतंय!” म्हणत मावशींनी पदराने वारा घेतला आणि माहेरच्या आंब्याचा विषय काढला.

तिसऱ्या शुक्रवारी सूत्रं मी हाती घेतली. उपासनेनंतरचा चहा एरवी दारातच असायचा, तो उचलला आणि थेट बसपाशी, गाड्यांच्या शेडखाली नेऊन मांडला. चहा जिथे, मराठी माणूस तिथे, असं माझं शास्त्र. शास्त्र खरं ठरलं. माणसं भराभर बाहेर आली, चहा प्यायली, तोंड पुसलं. आणि मग सगळीच्या सगळी परत दाराकडे वळली.

“कुठे निघालात?” मी ओरडले.

“निरोप घ्यायला नको का?” मावशी म्हणाल्या. “असा गाड्यांमध्ये घेतात का निरोप? आपण काय पेट्रोल भरायला आलोय?”

दारात पोचलो तर तिथे मेस्त्री उभे. मीना अब्दुल्लाच्या बसमधून फक्त आमचीच माणसं येत नसत. कोकणातले सुतार, फिटर अशी काही हिंदू मंडळीही त्याच बसने बाजाराला यायची. बाजार झाला की भाजीच्या पिशव्या घेऊन ती आमच्या दाराबाहेर, भिंतीच्या सावलीला उभी राहायची. त्यांचे म्होरके हे मेस्त्री, मालवणकडचे शटरिंगचे सुतार. उपासना चालू असताना बाहेर बोटांनी भिंतीवर ठेका धरायचे आणि आमचा तबला कुठे घाई करतो ते नंतर ह्यांना न चुकता सांगायचे.

“मेस्त्री, तुम्ही चहाला नाही आलात तिकडे?” मी विचारलं.

“थंय कित्या येव, वयनीनू? थंय नुसती चाय आसा.”

“मग इथे काय आहे?”

मेस्त्रींनी दाराकडे बोट केलं. मावशी पट्टीवर उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्याभोवती कॅम्पातली माणसं एकेक करून गोळा होत होती. कुणी गुडघा दाखवत होतं, कुणी घरच्या बाळाचा फोटो. एकजण बायकोशी झालेलं भांडण पहिल्यापासून सांगत होता आणि बाकीचे दोन्ही बाजूंनी निवाडा करत होते.

“आठवडोभर कॅम्पात हिंदी बोलून जीभ दुखता,” मेस्त्री म्हणाले. “हंय इलंय की सरळ होता.”

“मग आत या ना, उपासनेलाही बसा.”

“आमी भायरच बरे. देव तुमचो, चाय आमची.” आणि हसून त्यांनी माझ्या हातातल्या किटलीपुढे रिकामा कप धरला.

त्या दिवशी घरी जाताना प्रायश्चित्ताच्या बाजूला मी हिशेब मांडत बसले. निरोप तोडायला निघालो होतो आम्ही. पण जी माणसं आत येतच नव्हती, त्यांची अख्खी उपासना त्या बोटभर पट्टीवर चालत होती. ती कुठल्या तोंडाने आटोपती घ्या म्हणायची?

“आता काय करायचं?” ह्यांनी विचारलं.

“प्रार्थना करा,” मी म्हटलं. “तुमचं तेच काम आहे.”

चौथा शुक्रवार उजाडला. बाराला पाच कमी असतानाच अंकल स्वतः दारात येऊन उभे राहिले, मनगट छातीपाशी धरून. आमची शेवटची प्रार्थना झाली. ह्यांचा आवाज “आमेन”ला थोडा चिरकला. मंडळी उठली, चपला घातल्या, आणि मावशी निघाल्या थेट पट्टीकडे. पट्टीवर अंकल उभे होते. मी डोळे मिटून घेतले.

“अंकल,” मावशी म्हणाल्या, “आप लंगड़ाके क्यों चलते हो? घुटना है क्या?”

“घुटना?” अंकलचं मनगट जरा खाली आलं. “नहीं सिस्टर, थोड़ा... सीढ़ी चढ़ने का टाइम में.”

“चढने का टाइम या उतरने का टाइम?”

“उतरने का!” अंकल चकित झाले. मग मावशींनी तिथेच वाकून त्यांचा गुडघा दाबून पाहिला. अंकलचं घरी कुणी ऐकत नव्हतं, हे पहिल्या दोन वाक्यांतच कळलं. गुडघ्यावरून गोष्ट त्यांच्या गावाकडच्या आईच्या गुडघ्यावर गेली, तिथून त्या गुडघ्याने अजूनही फणसाच्या झाडाखाली जाऊन फणस ठोकून पाहणाऱ्या आईवर. फणस म्हटल्यावर बाहेरून मेस्त्रींनी मान आत घातली.

“कापो की बरको?”

कापा म्हणजे कडक गऱ्याचा आणि बरका म्हणजे बिलबिलीत, हे मी अंकलना हिंदीत समजावलं. अंकल खवळले. कडकच खरा, बिलबिलीत आमच्याकडे गाईलासुद्धा देत नाहीत! मेस्त्रींनी कपाळाला हात लावला. बरक्याची सांदणं ज्याने खाल्ली नाहीत त्याच्याशी काय बोलायचं! दोघांचं एक पाऊल आत होतं आणि एक बाहेर. वाद जो पेटला, तो आमच्या मुलीने संपवला. ती दोघांच्या मधून वाट काढत आली, अंकलचं मनगट तिने वळवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, “अंकल, यू आर लेट!”

साडेबारा वाजून गेले होते. फिलिपिनो बायका गिटारी घेऊन भिंतीला टेकल्या होत्या आणि सगळं मन लावून पाहत होत्या. त्यांच्यातली एक तर अंकलच्या बाजूने मानही हलवत होती.

अंकल घड्याळाकडे पाहत राहिले. मग ह्यांच्याकडे, मग पायाखालच्या पट्टीकडे. त्यांचे कान लाल झाले. आमच्या ह्यांच्या चेहऱ्यावर पहाटेचे सहा वाजलेले स्वच्छ दिसत होते.

“पास्टर,” शेवटी अंकल म्हणाले, “उपासना तो टाइम पे खतम हुआ था. हम देखा.” ते जरा घुटमळले. “इधर दरवाज़ा गलत जगह पे है.”

आम्हाला घेऊन ते हॉलच्या मागे गेले. तिथे जिन्याखालून जाणारा एक बोळ होता, मोडक्या खुर्च्यांनी भरलेला, पण सावलीचा. “ये साफ करो. बारा बजे हॉल छोड़ो, इधर आ के खड़ा रहो. जितना खड़ा रहना है.”

“म्हणजे तास आमचा राहिला?” ह्यांनी मराठीतच विचारलं, आनंदाने भाषा विसरून. अंकलनी मान हलवली, आणि पाळकांनी त्यांना मिठी मारली ती सिंह भेटल्यासारखी.

खुर्च्या निघाल्या, बोळ लोटला. पण पुढच्या शुक्रवारी माणसं तिथे येऊन अवघडून उभी राहिली. गप्पा काही फुलेनात. मावशी भिंतीला टेकून पाहत होत्या, सरळ उभ्या राहून पाहत होत्या. “काहीतरी चुकतंय, पाळकीणबाई,” त्या म्हणाल्या. “पाय कुठे ठेवायचा तेच कळत नाही.”

मेस्त्रींना मात्र कळलं. त्याच्या पुढच्या शुक्रवारी ते बाजाराच्या पिशवीबरोबर एक फळी घेऊन आले, घासून गुळगुळीत केलेली, कडा गोल केलेल्या. बोळाच्या तोंडाशी, जिथे ना दार होतं ना चौकट, तिथे त्यांनी ती आडवी बसवली. उठून दोन पावलं मागे गेले, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, “आता घेवा निरोप.”

मावशींनी एक पाय आत ठेवला, एक बाहेर, आणि सुटकेचा श्वास सोडला. “हं! तर काय सांगत होते मी...”

बारा वाजता हॉलमध्ये गिटारी सुरू झाल्या, बरोबर ठरल्या वेळी. मी चहाची किटली घेऊन बोळाशी गेले, तर फळीवर अंकल. समोर मेस्त्री, हाताने हवेत केवढासा तो फणस दाखवत.

“ओके, हम जाता है,” अंकल म्हणाले. हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते. मी त्यांच्या हातात कप दिला आणि त्यांनी पाय बदलला.