चाळीस प्रश्नावल्या, चार पेनं

शाळा सुटायच्या वेळी शिक्षकखोलीत बसलो होतो. समोर नववीच्या वर्गशिक्षिका विद्यार्थ्यांसाठी आलेल्या चाळीस प्रश्नावल्या स्वतःच भरत होत्या. संशय नको म्हणून चार पेनं आलटूनपालटून वापरत होत्या. इतकी मेहनत मी त्यांना वर्गात घेताना पाहिलेलं नाही.

“मुलांना का देत नाही?”

“अहो, मुलं काहीही लिहितात. साहेबांना गठ्ठा आजच हवाय.”

दप्तर पाठीला लावून एक मुलगी वह्या ठेवायला आली आणि कागदावर वाकली. ‘शाळेतील स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे’ या वाक्यापुढे ‘पूर्णपणे सहमत’वर खूण होती.

“बाई, पण मुलींच्या संडासाला कडीच नाही.”

“तुला कुणी विचारलंय? नीघ घरी.”

आता या खुणांची टक्केवारी निघेल, अहवाल होईल. मग सर्वेक्षणाच्या पद्धती सुधारण्यासाठी परिषद भरेल आणि शाली पांघरलेले विद्वान नमुना केवढा असावा यावर जेवणापर्यंत भांडतील. कागद मुलांच्या हाती द्या आणि मोठ्यांना खोलीबाहेर काढा, एवढं मात्र कुणी म्हणणार नाही.

मुलगी वळली. दप्तराच्या कप्प्यातली तिची पाण्याची बाटली सकाळी भरली तशीच काठोकाठ होती.