खिळ्यावरचा तवा

किस्से गोळा करावे लागत नाहीत. तीन-चार माणसं आठवड्यातून एकदा एका तव्याभोवती बसली की ते आपोआप साचतात. मग कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, पंगतीला शेजारी बसलेल्याला मी "आमच्या बुधवारचं ऐकलंत का?" म्हणून सुरुवात केली, की माझा नवरा हळूच ताट उचलून पलीकडच्या रांगेत जाऊन बसतो. निम्म्या किश्शांत तोच आहे ना!

तर आधी माणसं सांगते. शिरूरला आबांच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. एका बाजूला मी आणि प्रकाश, म्हणजे नवरा, आणि समोरच्या खोलीत फिलिप. तिघंही एकाच कंपनीत. मी क्वालिटीला, प्रकाश मेंटेनन्सला, फिलिप स्टोअरला. फिलिप मूळचा दौंडचा, घरातले सगळे रेल्वेतले. खाली आबा आणि काकी. त्यांची शेती वडगाव रासाईला, आणि मुलांच्या शाळेसाठी म्हणून शिरूरला आले ते मुलं नोकरीला लागून लांब गेली तरी इथेच राहिले.

ही जागा मिळण्याआधी आम्ही किती दारं हिंडलो ते विचारू नका. "कंपनी कुठली?" हा पहिला प्रश्न, "आडनाव काय?" हा दुसरा. आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच गेलेली असायची. आम्ही बौद्ध, फिलिप ख्रिश्चन, त्यामुळे त्यालाही तोच अनुभव. आबांनी आडनाव ऐकलं, मान हलवली आणि चावी काढून हातात ठेवली. म्हणून ही जागा हातची जाऊ नये याची आम्हा तिघांनाही कायम धास्ती.

अट एकच होती, आणि ती काकींची होती. फिलिपच्या सामानात त्याच्या आजीचा बिडाचा खोलगट तवा निघाला. काकींनी विचारलं, "ह्यात काय करतोस?" फिलिप खोटं बोलू शकत नाही. म्हणाला, "पोर्क चॉप, काकी."

काकींनी तव्यावरचा हात मागे घेतला. मग म्हणाल्या, "मटण करा, मासळी करा, माझं काय न्हाई. पर ते तेवढं गच्चीवर. आन् हा तवा जिना उतरून खाली यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली भिंतीत एक दणकट खिळा ठोकलेला होता. तेव्हापासून तवा तिथे राहिला, आणि त्या घरात पोर्कचं नाव 'ते' असंच राहिलं.

*

बुधवारच का? कारण सोमवार, गुरुवार, शनिवार कुणाचा ना कुणाचा उपास असतो आणि वरून खाली वास जायला नको. फिलिपची सुट्टी मंगळवारी. तो दौंडला आईकडे जायचा आणि येताना डब्यात मटेरियल घेऊन यायचा. 'मटेरियल' हा स्टोअरचा शब्द. त्याला सगळंच मटेरियल असतं.

आता चॉप म्हणजे हाडासकट अख्खा, बोटभर जाड काप. पण दौंडला 'ते' विकणाऱ्या मटणवाल्याच्या हाताला अख्खं ठेवायची सवयच नाही. फिलिप बजावायचा, "भाऊ, तुकडे नको." तो म्हणायचा, "व्हय व्हय." आणि बोलता बोलता खटाखट तुकडे! दोन-तीनदा तसंच झालं. शेवटी तो स्वतःच ओशाळला. "मी काय करू वो, तुम्ही बोलायला लागला की हात चालायला लागतो."

मग त्यांच्यात ठरलं. फिलिप दुकानात शिरला की कुणीच काही बोलायचं नाही. फिलिप गप्प उभा, मटणवाला गप्प, गिऱ्हाइकंही गप्प. काप कागदात बांधून झाले की मग "आई बरी हाय का?" वगैरे.

एकदा एक नवीन गिऱ्हाईक कुजबुजत म्हणालं, "ह्यांच्याकडं कुणी वारलंय का?"

*

पहिल्यांदा चॉप केला तो प्रकाशने. फिलिपची शिफ्ट लांबली, तो फोनवर म्हणाला, "वहिनी, मीठमिरी लावून ठेवा, बाकी मी येऊन करतो." प्रकाशला कुणीतरी येऊन काही करणार हे पटतच नाही. मेंटेनन्सचा माणूस. त्याने सरळ गच्चीवर कुकर चढवला.

फिलिप आला तेव्हा तिसरी शिट्टी होत होती. तो जिन्यातच थांबला.

"प्रकाशभाऊ, हे काय?"

"मटण म्हंजी शिट्टी लागतीच ना."

झाकण उघडलं. हाडं एकीकडे, मांस एकीकडे, आणि पाणी तिसरीकडे. फिलिपने चमच्याने एक सुटं हाड उचलून बघितलं. शेवटी म्हणाला, "खिमा छान झालाय." त्याच्या तोंडून याहून कडक शब्द मी आजवर ऐकलेला नाही.

*

मग त्याने आम्हाला रीतसर शिकवलं. कापाचं पाणी फडक्याने टिपायचं. तवा चांगला तापवायचा. काप टाकला की त्याला हात लावायचा नाही, तो तव्याला सोडेल तेव्हाच उलटायचा. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की काढून ताटात झाकून ठेवायचा. मग त्याच तव्यात ठेचलेला लसूण आणि मोसंबीचा रस. तव्याच्या तळाला जे करपट धरलेलं असतं ते उलथन्याने खरवडून त्या रसात विरघळवायचं, वर लोण्याचा गोळा. दाटसर झालं की कापावर ओतायचं. भाजीला फोडणी देण्याइतक्या वेळात जेवण तयार. कामावरून आलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे?

मोसंबी आणायचं काम माझं. एकदा फळवाला बंद होता म्हणून मी स्टँडजवळच्या ज्यूसवाल्याकडून ग्लासभर रस पार्सल घेतला. सांगायला विसरले, आणि त्याने नेहमीप्रमाणे साखर, काळं मीठ, चाट मसाला, सगळं टाकलं होतं. तव्यात ओतल्यावर लक्षात आलं. फिलिपने डोळे मिटले.

खाऊन झाल्यावर उघडले. म्हणाला, "वहिनी, यापुढं फळवाला बंदच समजा."

त्याने दौंडला तसंच करून खाऊ घातलं, तर त्याच्या आत्याने रेसिपी मागितली. तिच्या तीन पिढ्या चॉप करत आलेल्या. फिलिपने ज्यूसवाल्याच्या गाडीचा फोटो पाठवला.

*

आमच्या कंपनीत शिफ्ट सुरू झाली की मशीनमधून निघालेला पहिला पीस क्वालिटीला येतो. आम्ही पास केला तर पुढचं काम चालू, नाहीतर मशीन बंद. ही पद्धत मी गच्चीवर लागू केली. पहिला चॉप माझ्याकडे येणार, मी पास म्हटलं की बाकीचे तव्यात.

प्रकाश म्हणाला, "हे बरंय." पण नियम म्हणजे नियम.

एका बुधवारी मला मीठ कमी वाटलं. नापास केला. अर्थात, नापास पीस टाकून कसा द्यायचा? खाल्ला. दुसरा आला, त्यात लसूण जरा करपला होता. तिसऱ्याबद्दल माझी खात्री होईना, म्हणून पूर्ण तपासावा लागला. चौथा मागितला तेव्हा फिलिपने रिकामा डबा उलटा करून दाखवला.

"लॉट संपला, मॅडम."

त्या रात्री ते दोघे लोणी लावून भाकरी खात बसले. मी मात्र माझ्या निर्णयावर ठाम होते.

*

माझे सासरे यवतला असतात. न सांगता येणं हा त्यांचा हक्क. एका बुधवारी संध्याकाळी पिशवी घेऊन दारात. वर गच्चीवर बसवलं, ताट दिलं. ताटात चॉप, त्यावर दोन चमचे चकचकीत सॉस, शेजारी भाकरी.

त्यांनी ताट जरा तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. "रस्सा कुठंय?"

"मामा, हाच रस्सा," मी म्हटलं.

"एवढ्यात भाकरी कशी चुरायची?"

फिलिपने समजावलं की हा सॉस एवढाच असतो, तो असाच खायचा असतो. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठले, आमच्या ताटांतलेही चॉप परत तव्यात घातले, तांब्याभर पाणी ओतलं, खाली माझ्या स्वयंपाकघरातून कांदा-लसूण मसाला मागवला आणि रटरटू दिलं. फिलिप कठड्याला टेकून शिरूरचे दिवे बघत होता.

भाकऱ्या चुरून, हात चाटून झाल्यावर सासऱ्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "हात चांगला हाय तुझा. फकस्त ते मोसंबीचं सोड."

*

आता आबा. आबांची पाण्याची टाकी गच्चीवर, आमच्या शेडच्या शेजारी. आम्ही राहायला आलो तेव्हा ते महिन्यातून एकदा टाकी बघायला यायचे. मग बुधवारी यायला लागले. मग दर बुधवारी, बरोबर लोणी तव्यात पडायच्या वेळेला.

"घ्या की आबा."

"छे छे. मी पाणी बघायला आलतो."

टाकीचं झाकण उघडायचे, आत बघायचे, झाकण लावायचे, आणि पुन्हा उघडायचे. एकदा गावात दोन दिवस नळाला पाणीच नव्हतं. आबा तरी आले.

फिलिप म्हणाला, "आबा, टाकी कोरडी हाय."

"तेच बघायला आलो," आबा म्हणाले, आणि विटेवर बसले.

त्या दिवशी त्यांनी विचारलंच. "हे वरचं जे हाय, ते मोसंबीचंच ना?"

"मोसंबीचंच," फिलिप म्हणाला. आणि हे खोटं नव्हतं, म्हणून तो बोलू शकला.

"मग फळच की. त्याला काय हुतंय." आबांनी भाकरीचा तुकडा तव्यात बुडवला. पुढच्या बुधवारी अर्धी भाकरी. त्याच्या पुढच्या बुधवारी खालून काकींचा आवाज आला, "आवो, टाकी बघून झाली का?" आबा गडबडीने उठले, आणि तव्याच्या काठावरचा थेंब त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर उडाला.

*

काकी आबांचे सदरे हाताने धुतात.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर त्या अंगणात तो सदरा उन्हाकडे धरून उभ्या होत्या. माझ्याकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं, आणि सदरा घेऊन आत गेल्या. पुढचे काही दिवस आम्ही जिना चोरपावलांनी चढलो-उतरलो. भाड्याचा करारही त्याच महिन्यात संपत होता, आणि दर वेळी आठवडाभर आधी "राहताय ना पुढं?" विचारणारे आबा या वेळी नजर चुकवत होते. प्रकाशने मित्रांना खोलीबद्दल विचारून ठेवलं. मला पुन्हा तो "आडनाव काय?" हा दुसरा प्रश्न आठवायला लागला. खरं सांगते, मला रडू येत होतं. काकींनी एकच गोष्ट मागितली होती, आणि आम्ही त्यांच्या नवऱ्यालाच बाटवून ठेवलं होतं.

"या बुधवारी नको," मी म्हटलं. फिलिप म्हणाला, "मटेरियल आलंय वहिनी. शेवटचा करू."

बुधवारी कामावरून आल्यावर आम्ही तिघं गच्चीवर गेलो. खिळा होता. तवा नव्हता.

शेडमागे बघितलं, टाकीमागे बघितलं. फिलिपचा चेहरा उतरला. तवा त्याच्या आजीचा होता. प्रकाश म्हणाला, "भंगारात दिला असंल. आता आपलंच सामान बांधायचं." मी म्हटलं, जे काय असेल ते तोंडावर ऐकून घेऊ, आणि आम्ही खाली उतरलो. जिन्यातच खमंग वास आला.

काकींच्या स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. आबा पाटावर बसले होते, मान ताटात. शेगडीवर फिलिपच्या आजीचा तवा. काकींनी त्यात थापलेलं थालीपीठ उलथन्याने नुसतं हलवलं, तर ते अख्खं गरकन फिरलं. कुठे चिकटलं नाही, कुठे तुटलं नाही.

आम्ही दारातच उभे. काकींनी वळून बघितलं.

"उभं काय ऱ्हायला? बसा की. इतकी वर्सं झाली, माझा एक तवा असा मुरला न्हाई." त्यांनी थालीपीठ ताटलीत काढलं आणि ताटली माझ्यापुढे धरली. "हे पयलं. पास का नापास, ते सांग."

माझा हात पुढे होईना. "काकी, पण हा तवा..."

"कुठला हाय ते मला नगं सांगू," काकी म्हणाल्या, आणि दुसरं थालीपीठ थापायला घेतलं. "खिळा मीच ठोकला व्हता."