घराला गोठा म्हणणारा कागद

सांगलीहून निघताना माझ्याजवळ पाच घरांची यादी होती. बालपण डहाणूला गेलेल्या एका मैत्रिणीने ती आठवणीतून लिहून दिली होती. समुद्राकाठचे बंगले, त्यांच्या चिकूच्या वाड्या, कोठे दगडी विहीर, कोठे लाकडी जिना, असे सारे तिने नोंदवले होते. ग्रंथपालपदावरून निवृत्त झाल्यावर, एकसष्टाव्या वर्षी, एकटीने केलेला हा माझा पहिलाच प्रवास. रिक्षावाल्याला पत्ता विचारण्यापूर्वीही मी वाक्य मनात दोनदा जुळवून घेते. त्यामुळे या लेखात माझे बोलणे फारसे आढळले नाही, तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

समुद्राच्या रस्त्यावरचा पहिला बंगला उरलाच नव्हता. त्या जागी निळ्या काचांचे रिसॉर्ट उभे होते. पाटीवर मात्र बंगल्याचेच जुने नाव होते. घर पाडायचे आणि नाव तेवढे ठेवून घ्यायचे, याला काय म्हणावे? फाटकावरचे रखवालदार गुजराती वळणाने म्हणाले, "बेन, बंगला तर केव्हाच गेला. जुनं बघायचं असेल तर मागे झोपाळा हाय. त्याच्यावर बसून लोक फोटू काढते."

झोपाळा खरोखरच जुना होता. एके काळी ओसरीवर असलेला तो झोपाळा तरणतलावाच्या काठी टांगला होता आणि त्याच्या कड्यांना प्लास्टिकची फुले गुंडाळली होती. मी बसले नाही.

दुसऱ्या घराच्या जागी चार मजली इमारत होती. तिसऱ्याच्या वाडीत चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून प्लॉट पाडले होते आणि चिकूची झाडे कमरेएवढ्या उंचीवर कापली होती. बुंध्यांवर प्लॉटचे क्रमांक रंगवले होते. चौथे घर नेमके कोठे होते, हे त्याच गल्लीत राहणाऱ्या तिघांना सांगता आले नाही. संताप येत होता, पण तो कोणावर काढावा हे समजत नव्हते.

पाचवी वाडी गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या झाईत होती. घराचे छप्पर बसले होते, परंतु झाडे उभी होती आणि तोडणी चालू होती. जाळी बांधलेल्या लांब बांबूने चिकू उतरवणारी एक पन्नाशीची बाई माझ्याकडे पाहत थांबली.

"काय बघतेस बाय?" (बाय म्हणजे बाई. तिच्या वारली बोलीत अहो-जाहो फारसे नसते.)

सांगलीहून जुनी घरे पाहायला आले आहे, असे मी सांगितले.

"शेठचा बंगला पडला तं तू सांगलीवरून आलीस?" ती हसली. "माझं पण घर जाणार हाय. तं कोण बघाया येल?"

तिचे नाव लाडकीबाई. तिचा पाडा झरीजवळ आहे, एवढे मी विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या घरी गेले.

टमटममधून झरीच्या अलीकडेच चुकून उतरले. पुढची वाट पायी तुडवताना चपलेचा अंगठा तुटला. पाड्यावर पोहोचले तेव्हा एका हातात चप्पल होती. कापणी झालेल्या भातखाचरांपलीकडे एक ऐसपैस, ठेंगणे छप्पर दिसले. दारातून वाकून आत शिरले. अंधारात दोन बैल रवंथ करत होते, शेणाचा उबदार वास येत होता. दाराशी आलेल्या लाडकीबाईला मी भाबडेपणाने विचारले, "घर कुठे आहे?"

"तू घरातच हायस!"

डोळे अंधाराला सरावले तेव्हा समजले. बैल दाराजवळच्या बाजूला, मध्ये कमरेएवढा आडोसा आणि पलीकडे नांदता संसार. चूल, भाताची कणगी (बांबूची लिंपलेली मोठी कोठी), उखळ, वळचणीला दोरीवर वाळत घातलेली लुगडी. भिंती कुडाच्या, म्हणजे कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेल्या. आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नाचा चौक पुसट झाला होता. थोरल्या मुलाच्या लग्नात सवासणींनी तो काढला होता. सासऱ्यांच्या वडिलांनी उभारलेल्या या घरात जनावरे आणि माणसे एकाच छपराखाली राहत आली आहेत. थंडीत बैलांची ऊब आत येते, आणि बैल चोरीला जात नाहीत.

तिने नाचणीची भाकर आणि सुक्या मासळीची चटणी समोर ठेवली. मी जेवत असताना तिचा पुतण्या शिडवा एक कागद घेऊन आला. या पाड्यावरून नवा रस्ता जाणार आहे. ज्यांचे घर जाईल त्यांना बदली घर मिळायचे आहे. लाडकीबाईच्या नावापुढे लिहिले होते : 'गुरांचा गोठा, एक.' घर कोठेच नव्हते.

"साहेब उंबऱ्यावरूनच वळला," शिडवा म्हणाला. "बूट नवे होते त्याचे."

"नवरदेव होता काय!" लाडकीबाई म्हणाली. हरकती ऐकायचा तोच शेवटचा दिवस होता. मीही त्यांच्याबरोबर निघाले.

कचेरीतला अधिकारी म्हणजे उंबऱ्यावरून वळलेला तोच साहेब. तरुण होता आणि माझ्याशी फार अदबीने बोलला. लाडकीबाईला त्याने बसायलाही सांगितले नाही. नोंद पाहून तो म्हणाला, "पाहणीत जनावरं आढळली. मग गोठाच लिहिणार ना?"

"बैल दारात नाय बांधू तं तुझ्या कचेरीत बांधू?"

तो हसून माझ्याकडे वळला. "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, आत गेल्यावर तुम्हाला पहिलं काय दिसलं?"

आयुष्यभर मी विचारल्या प्रश्नाचे नेमके उत्तर देत आले. मी म्हणाले, "बैल."

"बघा," तो म्हणाला आणि कागद मिटू लागला. मी पुढचे वाक्य जुळवत होते, तोवर लाडकीबाईने टेबलावर हात आपटला.

"पहिलं विचारलंस ना? आता दुसरं विचार! तिसरं विचार! गोठ्यात लगीन लागतं काय रे? माझा पोर त्या गोठ्यात जन्मला काय?"

मग मी उभी राहिले. चूल, कणगी, उखळ, लुगडी, चौक, जे पाहिले ते क्रमाने सांगितले आणि म्हणाले, "हे सगळं लिहा. तुम्ही जिथून वळलात तिथून पुढे घर आहे." अधिकाऱ्याने कपाळाला आठ्या घातल्या, बराच वेळ लिहिले आणि कागद अंगठ्यासाठी पुढे सरकवला. लाडकीबाईने तो माझ्याकडे दिला. "वाच बाय."

त्यावर लिहिले होते : 'गुरांचा गोठा (निवासी वापर).'

मी तसेच वाचून दाखवले. तिने अंगठा मागे घेतला. "घर लिव. मग अंगठा." एवढे बोलून ती बाहेर पडली. मी माझे निवेदन वेगळ्या कागदावर लिहिले, खाली सही केली आणि त्याची पोच मिळेपर्यंत टेबलापाशी उभी राहिले.

सांगलीला परतून आठ दिवस झाले. यादीतल्या घरांविषयी लिहायला बसते आणि राग पुन्हा वर येतो. ते बंगले पाडणाऱ्यांनी निदान घर पाडतो आहोत असे मानले. इथे छपराखाली चूल पेटलेली असताना कागदावरून घर नाहीसे केले जाते, आणि ते करणाऱ्याला उंबरासुद्धा ओलांडावा लागत नाही. जुने घर म्हणजे जिना, झुंबर आणि ओसरी, असे मानणारी माझी यादीही त्याच दृष्टीची होती, हे लिहिताना लाज वाटते.

काल शिडवाचा फोन आला. पुढच्या सोमवारी फेरपाहणी आहे. मागून लाडकीबाईने फोन ओढून घेतला.

"बाय, तू ये. आत चुलीकडं बस. मना बघाया साहेब नाय आला, पण तुला भेटाया तं आत येल."

तिचे म्हणणे खरे ठरेल, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त संताप आहे. तिकीट काढले आहे.