सुमनअक्काची डावी बाजू

नानांचा फोन आला तेव्हा मी धुळ्यात, माझ्या स्वयंपाकघरात, भरताची वांगी भाजत होते. "गई ती," एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. मी गॅस बंद केला नाही. राहिलेलं वांगं उलटलं, सोललं, मिरच्या-लसूण घालून ठेचलं, भरीत झाकून ठेवलं आणि मग साडी बदलून स्टँडवर गेले. पारोळ्याला बस थांबली तेव्हा उतरून चहासुद्धा प्यायले. सुमनअक्का माझी थोरली जाऊ, नाना तिचे यजमान. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मला तिच्याइतकं जवळचं कुणी नव्हतं. तरी अक्काच्या मेहरूणच्या त्या घराची पायरी चढताना रडू आलं नाही. काही आठवडे होऊन गेले, अजून आलेलं नाही… हातपाय चालतात, बोलणं चालतं, आत मात्र काही हलत नाही.

चीड तेवढी वेळेवर आली. तिला शेवटची अंघोळ घालताना आमच्या मावससासूबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "इतलं बठ्ठं करं, आनि काय उपयोग व्हयना?" माझ्या हातात तांब्या होता. मी पाणी घालत राहिले. पण तो प्रश्न तेव्हापासून कानातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

'बठ्ठं' म्हणजे सगळं. ते सगळं काय, ते सांगते. अक्काला छातीचा कॅन्सर झाला. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. 'अक्काचं ते' म्हणत. डावी बाजू काढली, मग केमो, मग रेडिएशनचे शेक. केस गेले, परत आले. सगळे म्हणाले, सुटली एकदाची. ती मात्र पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन वावरायला लागली. ब्लाउजमध्ये आधी कापूस भरून पाहिला, तो हलका, वर चढायचा. मग तिनं स्वतःच एक पिशवी शिवली आणि वजन यावं म्हणून तिच्यात मोहरी भरली. "काय व धुळेवाली, फोडणी लागनी ते सांग," असं मलाच चिडवायची. तिला हसताना बघून आम्हाला वाटलं, चला, हिचं जमलं.

नाही जमलं. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. दुसऱ्या दिवशी विसर्जनाला देवीचा पाट डोक्यावर घ्यायचा मान थोरल्या सुनेचा. आजारपणातली वर्षं तो मी घेतला होता. त्या वर्षी अक्का म्हणाली, मीच घेईन. दोन्ही हात वर करून पाट धरला, पुढे बाया फुगड्या घालत होत्या, आणि भर रस्त्यात ती पिशवी सरकत सरकत गळ्यापाशी आली. डोक्यावर देवी, हात खाली घेता येईनात. सगळ्या बायांनी पाहिलं आणि सगळ्यांनी तोंडं फिरवली. मी धावत जाऊन तिचा पदर सारखा केला. ती नदीपर्यंत तशीच, ताठ मानेनं चालली. घरी आल्यावर चूळ भरली आणि नानांना म्हणाली, डॉक्टर पोटाचं मांस घेऊन छाती परत बनवतात म्हणाले होते, ते मला करायचं आहे.

नाना वाईट माणूस नाही, पण गप्प बसायच्या वेळी नेमके बोलतात. "आते ह्या वयमा कसाले? तुले काय गरज शे?" अक्का म्हणाली, "मालेच गरज शे." पुढे दोघांचं बरेच दिवस बोलणं नव्हतं. मुलगा पुण्याहून फोनवर समजूत घालायचा, आई, पुन्हा भूल, पुन्हा टाके, कशासाठी? शेवटी नाशिकला तिच्याबरोबर मी गेले. ऑपरेशन दिवसभर चाललं. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय, तर जन्मभर पोट उतरवायचं म्हणत होते, बघ, जागेवर लागलं! डॉक्टरांनी बजावलं होतं, तिथं स्पर्श कळणार नाही, चटका कळणार नाही, विस्तवापासून जपा.

आता खान्देशातल्या बाईला विस्तवापासून जपा सांगून उपयोग आहे का? अक्षय्यतृतीयेला मांडे करायचे होते. खापर तापलेलं, पुरणाची पोळी दोन्ही हातांवर झेलून झेलून मोठी करायची आणि वाकून त्याच्यावर टाकायची. अक्काचे मांडे म्हणजे घरात शेवटचा शब्द. खापरासमोरून ती उठेना. तिनंच नाक वर करून विचारलं, "काय जळी ऱ्हायनं व?" तिचाच ब्लाउज होता. डाव्या बाजूला करपला होता, खाली कातडीला फोड आले होते, आणि हिला पत्ता नाही. मी मलम लावताना ओरडत होते, ती शांतपणे बघत होती. मी विचारलं, खरंच काहीच लागत नाही? "लागत नही…" मलमाची डबी मिटत म्हणाली, "पन शे."

पुढे काही वर्षांनी तिची पाठ दुखायला लागली. कॅन्सर हाडांत उतरला होता. त्या ऑपरेशनाचा याच्याशी काही संबंध नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, तरी पाचोऱ्याहून भेटायला येणारे नातेवाईकसुद्धा ऑपरेशनावरच बोट ठेवायचे. अक्का ऐकून घ्यायची. मधली ती वर्षं ती एकाच खांद्यावर पदर घेऊन बाजारात गेली, लग्नात नाचली, नातवाला दोन्ही बाजूंना आलटून पालटून निजवलं. मावससासूबाईंनी उपयोग विचारला होता, तो हा. मला तो पुरेसा वाटतो.

दहाव्याच्या आदल्या दिवशी फोटो लावायचा होता. मुलानं नुसत्या चेहऱ्याचा काढून आणला होता, सगळेच तसा लावतात. नाना उठले, कपाटातून दुसरा काढून आणला. स्टुडिओत काढलेला, उभा, पायापर्यंतचा, निळ्या साडीतला. हा कधी काढला, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. ऑपरेशनानंतर नानांनीच तिला नेऊन काढून घेतला होता म्हणे. मी तो भिंतीवर लावला आणि वर चंदनाचा हार घातला. हार लांब होता, बरोबर छातीवरून आला.

नाना म्हणाले, "हार तठे नको."

मी हार काढून दुमडला आणि फोटोच्या खाली, फळीवर ठेवला.

"आस्सं," नाना म्हणाले. "पुरी दिखू दे तिले."