जाहिरातीपुरतं माहेर

पडदा वर जातो. घणसोलीतल्या एका चार मजली इमारतीचा दुसरा मजला, तिथला हॉल. उजवीकडे खिडकी, आणि खिडकीबाहेर हात लांबवला तर लागेल अशी शेजारच्या इमारतीची खिडकी. डाव्या भिंतीवर हार घातलेला एका बाईचा फोटो. मध्यभागी मोठा सोफा, पण त्याच्यावरचं दुकानातलं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. दिवा लावलेला नाही. जो काही उजेड आहे तो टीव्हीचा. टीव्हीसमोर खुर्ची टाकून सत्तरीचा एक माणूस बसला आहे, बनियन आणि अर्धी पँट घालून. त्याचं लक्ष टीव्हीवर आहे, पण उजव्या हातात मोबाइल तयार आहे. संध्याकाळचे आठ वाजून गेले आहेत.

हा हिरामण, माझा समोरच्या दारातला शेजारी. मी जन्मभर नाटकांत कामं केली, म्हणून तो मला 'नाटकवाले' म्हणतो. आम्ही दोघेही संध्याकाळी आतलं दार उघडं ठेवतो आणि फक्त जाळीचं लावतो. त्यामुळे विंगेत उभं राहून दुसऱ्याचा प्रवेश पाहावा तसा त्याचा हॉल मला दिसतो, आणि ऐकूही येतो, कारण हिरामणचा डावा कान गेलेला आहे आणि फोन कायम स्पीकरवर असतो.

टीव्हीवर जाहिरात लागते. हिरामण बटण दाबतो.

"बाय गो, बघितलंस?"

"बघितलं तर! त्या मेलीनं पेटीतनं दागिनं काढलं. आता आळ धाकटीवर घेनार."

"मग धाकटी गप कशाला बसते?"

"सोन्यासारखी हाय ती, म्हनून गप बसते. तुझी बायको नव्हती गप?"

"गप? ती? तू तिला फोनवरच ऐकलीस म्हनून असं बोलतेस."

पलीकडून खळखळून हसू येतं. मग जाहिराती संपतात, फोन बंद होतो आणि दोघं आपापल्या टीव्हीकडे वळतात. हिरामण घणसोलीत, त्याची मोठी बहीण बायजा उरणजवळच्या तिच्या सासरच्या गावात. पुढची जाहिरात लागली की पुन्हा फोन. कधी तो करायचा, कधी ती. अर्ध्या तासात तीनदा तरी. मालिका सोडून दुसरा विषय नाही. तब्येत नाही, पाऊसपाणी नाही, पोरंबाळं नाहीत.

तसं का, ते सांगतो.

हिरामणच्या वडिलांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. सरकारने शहर वसवायला गावांची जमीन घेतली आणि पुढे बऱ्याच वर्षांनी घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांच्या हिशेबाने बदली प्लॉट दिले. वडील तोवर गेले होते. प्लॉटवर इमारत बांधायची तर वारसांच्या सह्या हव्या होत्या, आणि वारस दोनच, हिरामण आणि बायजा. तो तिला कचेरीत घेऊन गेला. "वारसनोंदीचा कागद हाय," एवढंच सांगितलं. टेबलामागच्या माणसाने तिला विचारलं, "आजी, कागद समजला ना?" तेव्हा ती काही आजी नव्हती. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ हाय माझा." आणि अंगठा उठवला.

तो कागद हक्कसोडीचा होता. इमारत झाली. तिला दोघांच्या आईचं नाव दिलं, हौसाबाई. वास्तुशांतीचं आमंत्रण घेऊन हिरामण बहिणीकडे गेला तेव्हा तिने विचारलं, "माझा मजला कोनता?" तिथे बसलेले सगळे हसले. त्यांना वाटलं, बायजा मस्करी करतेय. ती मस्करी करत नव्हती. खरं काय ते कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "हिरू, तुला ठाव व्हतं?" आणि हिरामण म्हणाला, "मना कुठं ठाव, बाय! बिल्डरच्या मानसानं कागद केला. मी पन तुझ्यासारखाच."

बायजाने ते धड खरंही मानलं नाही आणि धड खोटंही मानलं नाही. या इमारतीची पायरी मात्र ती कधी चढली नाही. सोफ्यावरचं प्लास्टिक तेव्हाचं आहे. बहीण येईल त्या दिवशी काढायचं, असं हिरामणच्या बायकोने ठरवलं होतं. नणंद-भावजयीचं फोनवर बरं चालायचं. मग भावजय गेली. बायजा स्मशानापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली.

पुढे एके संध्याकाळी उरणकडे लाइट गेली. मालिका ऐन रंगात होती. बायजाने सवयीने भावजयीचा नंबर लावला. "गो, आमच्याकडं लाईट गेली, काय झालं सांग," म्हणाली आणि मग तिला आठवलं. फोन हिरामणच्या हातात होता. तो मालिका बघत नसे. रडावं की काय करावं, त्याला सुचेना. त्याने घाईघाईने टीव्ही लावला आणि जे दिसलं ते सांगायला लागला. "एक बाई हाय, हिरवं लुगडं. रडतेय. एक म्हातारा आलाय." तिकडून प्रश्न येत गेले, "कसला म्हातारा? टकला का दाढीवाला?" दुसऱ्या दिवशी तो आठला टीव्ही लावून बसला आणि जाहिरात लागल्याबरोबर फोन वाजला.

असं त्यांचं सुरू झालं. रंगाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळलेला हा माणूस, सासवासुनांच्या भांडणात इतका मुरला की मलाच त्याच्याकडून मागचं कथानक समजून घ्यावं लागे. बायजाला तेवढंच माहेर उरलं होतं, जाहिरातीपुरतं. आणि हिरामणला दिवसभरात हाक मारणारं माणूस तेवढं एकच.

त्याचा मुलगा कल्पेश आणि सून रुतिका उलव्याला राहतात. पोरं चांगली आहेत, रविवारी येतात, डबे भरून आणतात. एका रविवारी कल्पेश म्हणाला, "बाबा, केबलला कशाला दर महिन्याला पैसे घालवतोस? आमचं अ‍ॅप हाय ना, त्यातच तुझा टीव्ही पन बसतो. वेगळं काय भरायला नको. तुझी सिरीयल पन त्यात हाय."

"असू दे ना केबल."

"अरे, आणि मेन म्हणजे त्यात जाहिराती नाय! सलग बघायचं. फुकट टाइम जात नाय."

रुतिका म्हणाली, "बाबा, तुमी एकदा बघा तर. परत केबलचं नाव घेणार नाही."

हिरामणने माझ्याकडे पाहिलं. मी चहाला गेलो होतो. आता मला जाहिराती हव्या आहेत, असं कुठला माणूस स्वतःच्या मुलाला सांगेल? आणि सांगितलं तर पुढचं सगळंच सांगावं लागेल. दोन दिवसांनी केबलवाला डबा काढून घेऊन गेला. भिंतीवर वायरीचं टोक तेवढं राहिलं.

पहिल्या संध्याकाळी हिरामणने बरोबर आठला मालिका लावली. ती सुरू झाली आणि थांबेचना. मोबाइल हातात तसाच. मध्येच बायजाचा फोन आला, तेव्हा रिमोटवर थांबवायचं बटण कुठलं, ते त्याला सापडेना. इकडे मोठी जाऊ ओरडतेय, तिकडे बायजा विचारतेय, "आवाज कसला रं? तुझ्याकडं जाहिरात नाय लागली?" तो म्हणाला, "लागली, लागली. सिनेमाची हाय."

मग त्याला आणखी एक शोध लागला. त्या दिवशीचा भाग अ‍ॅपवर सकाळीच येऊन पडायचा. तो दुपारीच बघून घेऊ लागला आणि आठला अंधारात नुसता फोन घेऊन बसू लागला. बायजाने पहिल्या जाहिरातीला विचारलं, "आता काय करील रं ती?" आणि याच्या तोंडून निघून गेलं, "विष नाय देनार. दूध मांजर सांडील."

मांजराने दूध सांडलं.

"अगो बाई! तुला कसं कळलं?"

"अंदाज, गो. एवढी वर्सं बघतोय."

मग रोजच असं व्हायला लागलं. तिकडे आळीतल्या बायका बायजाच्या ओटीवर जमू लागल्या. "इचारा हिरूला, आज काय व्हनार!" एक म्हणायची, "याच्या अंगात येतं का काय?" बायजा मोठ्या तोऱ्यात सांगायची, "माझा भाऊस हाय तो. ल्हानपनापासून हुशार."

मी त्याला म्हटलं, "हिरामण, हे बरं नव्हे. सांगून टाक."

"नाटकवाले," तो म्हणाला, "ती माझा भाऊ म्हनाली. बायकांच्या समोर म्हनाली."

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी फोन वाजला. मी माझ्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो.

"बोल, बाय."

"हिरू, आज काय व्हनार?"

"पेटी उघडतील. पेटी रिकामी असल."

पलीकडे नेहमीची गडबड नव्हती. बायका नव्हत्या.

"तुझ्याकडं आता कसली जाहिरात लागलीय?"

"साबनाची."

"कुठल्या साबनाची?"

हिरामणने समोरच्या बंद टीव्हीकडे पाहिलं.

"शेजारची भावना तिच्या मोबाइलवर बघते," बायजा म्हणाली. "सकाळीच येतं म्हने त्यात. मना म्हनाली, मावशी, मामाला सगळं आधीच ठाव असतंय. मी तिच्याशी भांडली. माझा भाऊ असं नाय करनार म्हनाली."

"गो बाय, मस्करी केली जरा..."

"तुला आधीच ठाव, आन मी येड्यासारखी इचारतेय. तू म्हनतोस अंदाज."

तिकडे जाहिराती संपल्या. मालिकेचं संगीत सुरू झालेलं इकडे फोनमधून ऐकू आलं. एरवी ती तेवढ्यात फोन बंद करायची. आज तिने मालिका तशीच चालू दिली.

"हिरू," ती म्हणाली, "तवा पन तुला ठाव व्हतं का?"

रंगमंचावर नट वाक्य विसरला की काळ कसा ताणतो, ते मी अनुभवलेलं आहे. पण हिरामण वाक्य विसरला नव्हता. त्याला पाठ असलेलं वाक्य त्या दिवशी ओठांवर येत नव्हतं. तिने जे समजायचं ते समजलं आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आठला तो माझ्या घरी आला. माझ्याकडे अजून केबल आहे, कारण नवं काही शिकायचा मला कंटाळा. खुर्चीच्या कडेवर बसला. जाहिरात लागली की नंबर लावायचा. घंटी वाजत राहायची आणि थांबायची. पुढची जाहिरात, पुन्हा तेच. असे बरेच दिवस गेले. मालिकेत धाकटी सुटली, मोठीला अटक झाली, हिरामणला त्यातलं काही कळलं नाही. तो फक्त जाहिरातींची वाट बघायचा.

रविवारी कल्पेश म्हणाला, "बाबा, अ‍ॅपमध्ये दिसतंय, तू काहीच बघत नाय. बंद पडलंय का?"

"मी यांच्याकडं बघतो."

"का पण?"

"यांच्याकडं जाहिराती असतात."

कल्पेश आणि रुतिका दोघं पोट धरून हसले. हिरामणही थोडा हसला.

ती दोघं गेल्यावर मी म्हटलं, "आता उरणपर्यंत गाडी जाते. एकदा जाऊन ये."

"जाऊन सांगू काय?"

"जे आहे ते."

"एवढी वर्सं तिला निम्मं तरी वाटत व्हतं, की भावाला नव्हतं ठाव. तेवढ्यावर बोलायची माझ्याशी." तो सोफ्याच्या प्लास्टिकवर बोटाने रेघा ओढत होता. "ते पन काढून घेतलं तर मग काय राहतं, नाटकवाले?"

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्या घरी आलो.

त्यानंतरच्या मंगळवारी, भर दुपारी, मी जेवून आडवा होत होतो. उकाड्यामुळे त्या दुपारीही दोघांची आतली दारं उघडी होती, जिन्यात शुकशुकाट होता. समोरच्या हॉलमधून हिरामणने लावलेल्या फोनची घंटी ऐकू आली. या वेळेला कुठली मालिका नसते. दोन-तीन घंट्यांतच पलीकडे फोन उचलला गेला आणि बायजाचा घाबरलेला आवाज आला.

"कोन गेलं?"

"कोन नाय गेलं, बाय."

"मग आता कशाला फोन? आता कुठं सिरीयल हाय?"

हिरामण खुर्चीतून उठला. फोन दोन्ही हातांत धरून हॉलच्या मध्यभागी उभा राहिला.

"मना ठाव व्हतं," तो म्हणाला. "कचेरीत जायच्या आदल्या दिवशी मी कागद वाचून घेतला व्हता. बिल्डरच्या मानसानं मना समजावून सांगितलेलं, बहिनीचा हिस्सा जानार. मी हो म्हनालो. तू भाऊ हाय माझा म्हनालीस, तवा मी भिंतीकडं बघत व्हतो."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज आला, लांबून एक रिक्षा गेली. फोन मात्र चालूच होता. मी जाळीच्या दाराशी आलो होतो, पण पुढे जाण्याचा मला अधिकार नव्हता. हिरामणने फोन उजव्या कानाशी घट्ट लावला, मग पुन्हा समोर धरून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाला,

"मी ठेवनार नाय. तुला ठेवायचा तर तू ठेव."